डालग्यावरचा दगड

जळकोटला आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत बायकोने गावरान कोंबड्या पाळल्या आहेत. ती अंगणवाडीत कामाला जाते. मी शाळामास्तर, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरीच. बाहेर पडताना कोंबड्या डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली कोंडायच्या आणि वर तुटक्या पाट्याचा दगड ठेवायचा, एवढंच काम माझ्याकडे होतं. मागच्या झुडपांत मुंगसं आहेत. नुसतं डालगं त्यांना सहज कलतं करता येतं.

त्या दुपारी फोनवर बोलत बोलत मी डालगं घातलं आणि दगड भिंतीपाशीच विसरलो. परतलो तर डालगं कलंडलेलं, काळी कोंबडी गायब, झुडपांपर्यंत पिसं. बाकीच्या भिंतीवर चढून बसलेल्या. काळी बायकोने पिलापासून वाढवलेली. मग मी जे केलं ते लिहायला जड जातं. मी तो दगड उचलला आणि डालग्याजवळ टाकला, वरून घसरून पडल्यासारखा.

बायको आली. दगडाकडे बघून म्हणाली, "एवढा दगड मुंगसाच्यानं पडतो व्हय? शेजारच्या कुत्र्याचंच काम हाय."

मी वाकून पिसं गोळा करायला लागलो.

शेजारचे आप्पा शिवभक्त, किराणा दुकान चालवतात. ते भिंतीपलीकडून म्हणाले, "ताई, आमच्या घरात अंडंबी शिजत न्हाई. त्या कुत्र्याला वास तरी कुठून ठाऊक?"

"घरात न्हाई म्हणूनच शेजारी येतंय."

आप्पांनी कुत्र्याला साखळी घातली.

कुत्रं दिवसभर कण्हायचं. मी तिकडे न बघता ये-जा करायचो. रोज ठरवायचो, आज सांगू. इकडे तांबडी कोंबडी खुडूक होऊन खुराड्यात अंड्यांवर बसली होती. त्यातली बरीचशी काळीनेच घातलेली. बायको रोज वाकून बघायची आणि मला मान वर करवत नसे.

एका सकाळी कुत्रं साखळीला हिसके देत नुसतं भुंकत सुटलं. मागे जाऊन बघतो तर मुंगूस खुराड्याखालची माती उकरून अर्धं आत शिरलेलं. मी चप्पल फेकली. ते मागे सरून माझ्याकडे बघून पुन्हा उकरायला लागलं. मी भिंतीवरून उडी मारली आणि साखळी सोडली. क्षणात कुत्रं आमच्या अंगणात आणि मुंगूस झुडपांत. कुत्रं परत येऊन खुराड्यासमोर बसलं. कोंबड्यांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

बायको भांडी टाकून राखेच्या हातांनी धावत आली. आप्पाही आले, कपाळाला अर्धवट भस्म लावलेले. मी तिथेच सगळं सांगून टाकलं. दगड कुठे राहिला होता आणि मी तो कुठे टाकला, तेही.

बायकोने राखेचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "शाळेत पोरांना काय शिकवता हो तुमी?"

आप्पा म्हणाले, "राहू द्या ताई. गुरुजी, माझी न्हाई, त्या कुत्र्याची माफी मागा. साखळी त्याच्या गळ्यात होती."

मी खरंच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ते शेपूट हलवायला लागलं आणि बायकोला हसू फुटलं. मी अंडी बघायला खुराड्यात हात घातला तर तांबडीने कडकडून चोच मारली. खालची अंडी उबदार होती.

पुढच्या आठवड्यात पिलं निघाली. दोन काळी आहेत.

आता दगड मी न चुकता ठेवतो. तरीही बायको आल्यावर तो हलवून बघते. मला त्याचं बरंच वाटतं.