हे सामान तुम्ही स्वतः पॅक केलंत का?

आमच्या काउंटरवर किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. विमानाने परदेशी जाणाऱ्या प्रत्येक खोक्याबरोबर आम्हाला कागद जमवावे लागतात. ओळखपत्राची झेरॉक्स, सामानाची यादी, घोषणापत्र, तपासणीची परवानगी. मुदत संपली की ते कागद फाडून टाकायचे असा नियम आहे. किश्शांचं काय करायचं, ते मात्र एकाही परिपत्रकात लिहिलेलं नाही!

महाडच्या बाजारपेठेत आमचं एअर कार्गोचं बुकिंग ऑफिस आहे. माणसं दोनच. टेबलावर मी आणि पॅकिंगला मोहिते. मोहिते एमआयडीसीतल्या एका कंपनीतून रिटायर झालेले. बायको वारली, मुलगी लग्न होऊन गुजरातेत. मीही एकटीच राहते. त्यामुळे शटर ओढायची घाई आम्हा दोघांनाही नसते.

तिसरा माणूस फोनवरचा. मुंबईच्या तपासणी केंद्रात एक्स-रे मशीनवर बसणारे राणेसाहेब. खोक्यात काही खटकलं की त्यांचा फोन येतो. आठ वर्षं बोलतोय, पण एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

* * *

घोषणापत्रावरचे प्रश्न मोठ्याने वाचून विचारायचे, एक शब्द बदलायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे.

आंबेनळी घाटाकडच्या एका वाडीवरून एक म्हातारे आले होते. नातवाला कुवेतला नाचणीचं पीठ पाठवायचं होतं.

मी वाचलं, "हे सामान तुम्ही स्वतः पॅक केलंत का?"

"व्हय."

"पॅक केल्यापासून ते सतत तुमच्या नजरेसमोर होतं का?"

"दोन रोज समोर ठेवूनच बसलेलो."

"या काळात दुसऱ्या कुणी त्याला हात लावला का?"

म्हातारे माझ्याकडे बघून हसले. "घरात दुसरं हाय कोण गो, हात लावाया?"

मी रकान्यात 'नाही' लिहिलं.

* * *

एकदा राणेसाहेबांचा फोन आला तोच चढ्या आवाजात. "मॅडम, तुम्ही मला काय पाठवलंय? बरणीवर आगीचं चित्र आहे! खाली 'अतिज्वलनशील' लिहिलंय!"

मी यादी बघितली. घरगुती मसाला, दोन किलो. पाठवणारी बाई इथलीच, नवरा दोहाला. घरातली रिकामी बरणी दिसली, तिने धुतली आणि मसाला भरला. ती बरणी कुठल्या तरी कारखान्यातून आलेली, हे तिच्या डोक्यातही नाही.

बाईंना बोलावून घेतलं. त्या फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "साहेब, आत मसालाच हाय. संकेश्वरी मिरचीचा. चित्र काय खोटं नाय, जरा जपून उघडा!"

बरणी अर्थातच परत आली. मोहित्यांनी मसाला दुकानातून आणलेल्या नव्या पिशव्यांत भरला आणि दिवसभर शिंकत बसले.

* * *

सव गावच्या पार्वतीआजींचा किस्सा मी पुष्कळांना सांगितलाय.

आमच्या सिस्टममध्ये पाठवणाऱ्याची ओळख पटवायला ओटीपी लागतो. आजींकडे स्वतःचा मोबाईल नाही, म्हणून कागदोपत्री नंबर मुलाचा दिलेला. मुलगा मस्कतला. म्हणजे आजी मस्कतला खाऊ पाठवणार आणि त्याचा ओटीपी मस्कतला वाजणार!

ऑफिसच्या फोनवरून मुलाला लावला.

"आई? काय झालं? बरी हायस ना?"

"मला काय धाड भरलीय? आकडा सांग."

मग त्याने आकडा सांगायच्या आधी आजींनी त्याच्या खोकल्याची चौकशी केली. मग म्हशीचं सांगितलं. मग शेजारच्या सुनेचं. आकडा हातात पडला तोवर त्याची मुदत संपली होती. दुसरा मागवला. तोही बोलण्यात गेला. तिसऱ्याला काम झालं.

जाताना आजींनी विचारलं, "दर खेपेला लागतो काय गो, ओटीपी?"

"लागतो आजी, दर खेपेला."

पुढच्या महिन्यात आजी पापडांचं एक पाकीट घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात मूठभर आमसुलं. त्यानंतर आल्या त्या हात हलवत. खुर्चीवर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आज पाठवायचं काय नाय. ओटीपी तेवढा मागव."

* * *

एक निवृत्त गुरुजी मुलीला कॅनडाला भिंतीवरचं घड्याळ पाठवायला आले. घड्याळ त्यांच्या स्वयंपाकघरातलं. गुरुजींच्या पत्नी गेल्यावर मुलीने आईची म्हणून तेवढी एकच वस्तू मागितली होती.

आमच्याकडे सेलवर चालणारी वस्तू सेल काढूनच घ्यायची असते. मी तसं सांगितलं.

गुरुजी घाबरले. "सेल काढला तर ते थांबेल."

"हो गुरुजी. तिकडे गेल्यावर ती नवा घालेल."

त्यांनी घड्याळ मांडीवर घेतलं आणि विचारलं, "आत्ता तिच्याकडे किती वाजलेत, सांगता येईल?"

मी मोबाईलवर बघून सांगितलं. त्यांनी चष्मा चढवला, मागची चावी फिरवून काटे त्या वेळेवर आणले आणि मग सेल काढून खिशात टाकला.

मोहिते खोकं बांधायला घेणार, तर गुरुजी म्हणाले, "घाई नाही. मला आता घरी जाऊन वेळ बघायचीच नाहीये!"

* * *

शिक्का मारलेला माल एक क्षणही एकटा सोडायचा नाही, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात कडक नियम. मालाजवळ कोण, कधीपासून कधीपर्यंत, ते ताबा-वहीत लिहायचं.

एका पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. मी वरच्या आळीत घरी होते. ऑफिसात मोहिते आणि शिक्का मारलेली सात खोकी. मोहित्यांनी ती माळ्यावर चढवली आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसले. तेवढं मला कळवलं आणि त्यांचा फोन बंद पडला. मी खिडकीत बसून पाणी बघत होते. डोळ्यांसमोर सारखा तो माळा यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदतीची होडी त्यांच्या खिडकीला लागली. होडीतल्याने हाक मारली, "काका, उतरा!"

मोहित्यांनी वही पुढे केली. "आधी सही कर."

"कसली सही?"

"माल ताब्यात घेतल्याची. त्याशिवाय मला जाता येत नाय."

होडीवाला ओरडला, शिव्या दिल्या आणि शेवटी सही केली. सात खोकी आणि एक मोहिते, असे सगळे कोरडे बाहेर आले.

नंतर मी ती वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात मोहित्यांनी तासातासाला नोंद केली होती. 'पाणी पायरीला.' 'पाणी टेबलाला.' 'माल सुरक्षित.' आणि पहाटेच्या नोंदीत एवढंच, 'मालाला सोबत आहे.'

* * *

पोलादपूरच्या शेवंताबाईंच्या मुलीला जर्मनीत मुलगा झाला. बाळंतपणाला जायचं म्हणून बाईंनी पासपोर्ट काढला, सगळे कागद दिले, पण व्हिसा काही मिळाला नाही. मुलीने एकटीनेच निभावलं. बारसं मात्र तिला रीतीने करायचं होतं. म्हणून बाईंनी खोकं भरून आणलं.

यादीत झबली, दुपटं, डिंकाचे लाडू. शेवटची वस्तू, 'दगड, एक.'

"दगड?"

"वरवंटा गो. बाळाच्या आधी पाळण्यात घालायला नको? तिकडं कुठं मिळायचा?"

तिसऱ्या दिवशी राणेसाहेबांचा फोन. "मॅडम, आत एक जड वस्तू आहे, आरपार काही दिसत नाही. उघडावं लागेल. पाठवणाऱ्याची लेखी संमती पाठवा."

निरोप मिळताच शेवंताबाई पहिल्या एसटीने आल्या. सही केली. पण त्यांना राहवेना. म्हणाल्या, "त्या सायबाशी मला बोलू दे."

मी फोन स्पीकरवर टाकला.

"साहेब, उघडताय ना?"

"हो, टेबलावर घेतलंय. कापडात काहीतरी गुंडाळलंय."

"कापड नव्हं, झबलं हाय ते. वर कुंची बांधलीय. अलगद उचला. डोक्याखाली हात घाला."

 पलीकडून मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"घातला," राणेसाहेब म्हणाले.

"कुंची सोडाया लागंल काय?"

"सोडावी लागेल आजी. नियम आहे."

"मग परत बांधा हां. नाड्या हनुवटीखाली. लय आवळू नका."

"बरं," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

खोकं बारशाच्या आदल्या दिवशी पोचलं. मुलीने फोटो पाठवला, तो दाखवायला शेवंताबाई मुद्दाम महाडला आल्या. पाळण्यात कुंची घातलेला वरवंटा, नाड्या नीट बांधलेल्या. खाली मुलीने लिहिलं होतं, 'आई, तू तीटसुद्धा लावून पाठवलीस!'

मी फोटो मोठा करून बघितला. वरवंट्याच्या कपाळावर, कुंचीच्या काठाला लागून, एक गोल ठिपका होता.

शेवंताबाई म्हणाल्या, "म्या नाय लावली."

मी मोहित्यांकडे बघितलं. त्यांनीही 'मी नाय' म्हणून मान हलवली.

दुपारी दुसऱ्याच एका खोक्यासाठी राणेसाहेबांचा फोन आला, तेव्हा मी सहज विचारलं.

"मॅडम," ते तुटकपणे म्हणाले, "तपासणीतल्या वस्तूवर आम्ही कसलीही खूण करत नाही. ते नियमात बसत नाही." आणि फोन ठेवला.

मी पुन्हा फोटो बघितला. तीट काळी नव्हती. बॉलपेनची होती, निळी.