वस्तीच्या गाडीतला शेवट

सिनेमाबद्दल माझी मतं फार ठाम आहेत, आणि ती सगळी शेवटची पंधरा-वीस मिनिटं वगळून बनलेली आहेत. यामागे समीक्षेचा कुठलाही सिद्धांत नाही, एसटीचं वेळापत्रक आहे.

आम्ही राहायचो पूर्णगडला आणि सिनेमा लागायचा रत्नागिरीत. दुपारी तीनचा खेळ जाहिराती, मध्यंतर आणि एखादं तुटलेलं रीळ धरून सहाच्या पुढे जायचा, आणि सहाला स्टँडवरून आमची वस्तीची गाडी सुटायची. ही गाडी रात्री गावात मुक्काम करते आणि सकाळी परत फिरते. ती चुकली तर शहरात आत्याकडे राहायची वेळ येई. आत्याकडे एक रात्र काढण्यापेक्षा खलनायकाच्या अड्ड्यावर काढलेली बरी, असं अण्णांचं मत होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेतले निवृत्त मास्तर. थिएटरात बसले की ते चपला काढून खुर्चीवर मांडी घालत. पडद्यावर नायक जखमी झाला, व्हायोलिनं वाजू लागली, की अंधारात त्यांचे पाय चपला चाचपू लागत. चपला सापडल्या की आमचा सिनेमा संपला.

राहिलेला शेवट गाडीत ठरायचा. तोच सिनेमा तिथेच सोडून आलेली गावातली आणखी माणसं गाडीत असायचीच. भाट्याचा पूल येईपर्यंत खलनायक मरायचा आणि पावस येईपर्यंत लग्न लागायचं. मतभेद झाले तर अण्णांचा शब्द अखेरचा, कारण निम्म्या गाडीने त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. कंडक्टरने यातला एकही सिनेमा पाहिलेला नसे, पण तिकिटं फाडता फाडता तो म्हणायचा, "गुरुजी, त्या दुसऱ्या हिरोइनीचं कायतरी करा. बिचारी तशीच राहिली." अण्णा तिला नर्स करून टाकत.

शेवटासकट पाहिलेला त्या काळातला एकच सिनेमा मला आठवतो. शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळाने तो सकाळी दाखवला होता. आधी तीन भाषणं झाली. मग दीड तास एक माणूस विहिरीवर जाऊन पाणी काढत होता आणि ते परत विहिरीत ओतत होता. दिवे लागल्यावर सूत्रसंचालक म्हणाले की, हा आपल्याला आतून अस्वस्थ करणारा अनुभव आहे. "खुर्च्या लोखंडी आहेत," अण्णा म्हणाले. ज्याचा शेवट आम्हाला पाहायला मिळाला, त्याला नेमका शेवट नव्हता.

पुढे टीव्हीवर मी माझे काही आवडते सिनेमे पूर्ण पाहिले आणि पस्तावलो. एका भुताच्या सिनेमाचा मी वर्षानुवर्षं धसका घेतला होता. शेवटी भूत म्हणजे हॉटेलचा मॅनेजर निघाला. गाडीत आम्ही त्याला निदान खरा मेलेला तरी ठेवला होता.

माझं लग्न झालं तेव्हा मी रत्नागिरीलगत मिरजोळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होतो. बायको चिपळूणची. तिच्या वडिलांचं तिथे कापडाचं दुकान, आणि त्यांना जावई मुंबईचा हवा होता. ते लग्नाला आले नाहीत आणि नंतरही आमच्या घराची पायरी चढले नाहीत. ती याबद्दल बोलत नसे. शेजारच्यांकडे तिच्या आईचा फोन आला की सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं विचारी, "बाबा आहेत का?" बाबा नेमके दुकानात असत. दुकान बंद असलं तरी.

अशात एका शनिवारी आम्ही दोघं, अण्णा आणि आई असे चौघं सिनेमाला गेलो. पडद्यावर एक उद्योगपती होता. त्याचं घर एवढं मोठं, की जिना उतरायला त्याला अख्खं गाणं लागायचं. मुलीने ड्रायव्हरशी लग्न केलं. बाप म्हणाला, ती मला मेली. लगेच वीज चमकली, तीही घरात. सिनेमावाल्यांना आमची माहिती कुणीतरी पुरवली असावी, असा मला संशय आला. बायकोकडे बघायचं मी टाळलं.

मध्यंतरात बटाटेवडा खाताना अण्णांनी निकाल देऊन टाकला. "असली माणसं माफीबिफी मागत नसतात. हा एक दिवस उठेल, लेकीच्या अंगणात जाऊन बसेल आणि म्हणेल, 'भूक लागलीय, काय केलंयस?' बस्स. याच्यापुढे एक शब्द लिहिणारा गाढव."

बायकोने वडा तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

उत्तरार्धात व्हायोलिनं वाजू लागली. अण्णांना चपला सापडल्या. "चला," ते उठत म्हणाले.

"मी नाही येत," बायको म्हणाली.

"अगो, गाडी चुकेल!"

"चुकू दे. तो जातो की नाही ते मला बघायचंय."

सासऱ्यांपुढे ती इतकं मोठ्याने प्रथमच बोलली होती. अण्णा उभेच. मागून कुणी तरी ओरडलं, "ओ काका, काचेचे आहात काय?" प्रकरण सगळ्यांत आधी आईला कळलं. "बसा हो खाली," ती अण्णांच्या सदऱ्याला धरून म्हणाली, "आत्यांकडे गाद्या आहेत." अण्णा बसले. चपला पुन्हा काढल्या. एवढा मोठा निर्णय त्या थिएटरात, पडद्यावर धरूनसुद्धा, कुणी घेतला नसेल.

आणि मग आम्ही शेवट पाहिला. हेलिकॉप्टर आलं. बापाला गोळी लागली. रक्तगट फक्त ड्रायव्हरचा जुळला. घरच्या कुत्र्याने खलनायकाचं पिस्तूल पळवलं. बाप लेकीकडे गेलाच नाही. लेकच त्याच्या खाटेपाशी आली, पायांवर डोकं ठेवलं आणि माफीही तिनेच मागितली. त्यानंतर सगळे एकाच रंगाचे कपडे घालून नाचले, पेशंटसुद्धा.

बाहेर आल्यावर बायको आमच्या पुढे चालू लागली. मी विनोद केला नाही, यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

आत्याच्या घराचा रस्ता स्टँडवरून जातो. बघतो तर आमची गाडी उभी. कंडक्टर दारात लोंबकळत होता. "गुरुजी, चला, चला! तुम्हाला सोडून गेलो तर सकाळचा चहा कोण देईल मला?" आम्ही चढलो तशी आतून एकदम प्रश्नांची सरबत्ती झाली.

"शेवट बघितलात काय ओ?"

"मग? बापूस गेला का नाय लेकीकडं?"

अण्णांनी घसा साफ केला. जन्मभर खरं बोला असं शिकवत आलेला माणूस, तो खरंच सांगणार होता. तेवढ्यात बायको म्हणाली, "अण्णा म्हणाले होते तस्संच झालं. बाप अंगणात येऊन बसला. म्हणाला, भूक लागलीय, काय केलंयस?"



"मग लेक काय बोलली?" कंडक्टरने विचारलं.

"म्हणाली, हात धुऊन घ्या."

"वा!" म्हणत त्याने घंटी मारली. सगळा रस्ता लोक त्या शेवटाचं कौतुक करत होते. अण्णा मात्र खिडकीबाहेर बघत बसले होते. पावस आलं तरी त्यांनी ते कौतुक स्वीकारलं नाही. एरवी भाट्याच्या अलीकडेच स्वीकारतात.

पुढे हा सिनेमा केबलवर लागला, तेव्हा गावातले दोघं-तिघं तक्रार घेऊन घरी आले. केबलवाल्याने शेवट बदलला म्हणून. "टीव्हीवर काटछाट करतात," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "आणि वर कुत्रा घालतात."

त्याच सुमारास अण्णा पेन्शनच्या कामाला म्हणून दिवसभर चिपळूणला जाऊन आले. त्यांची पेन्शन रत्नागिरीत होती. 

आंब्याच्या दिवसांत एका संध्याकाळी वस्तीच्या गाडीचा कंडक्टर एका पाहुण्यांना घेऊन आमच्या अंगणात आला. पांढरा शर्ट, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. बायको दारात आली आणि तिथेच थांबली.

"किल्ला बघायला आलो होतो," तिचे वडील अण्णांना म्हणाले.

"आता अंधार पडला. उद्या बघा," अण्णा म्हणाले. "आज परत गाडी नाही."

ते पडवीच्या कडेला टेकले. पिशवी एकदा मांडीवर ठेवली, एकदा खाली. मग लेकीकडे न बघता म्हणाले, "या गाड्यांचं काही खरं नाही. एक पावणेदोनची रद्द, दुसरीत बसायला जागा नाही. सकाळी निघालोय, पोटात अन्नाचा कण नाही."

"डायलॉग जरा लांबलाय," अण्णा माझ्या कानात म्हणाले.

बायको आत गेली. तांब्या घेऊन बाहेर आली आणि वडिलांसमोर उभी राहिली.

कंडक्टर अजून अंगणातच उभा होता.

"तुझं काय काम आता?" अण्णांनी त्याला दटावलं. "जा की गाडीकडे!"

"थांबा ओ गुरुजी," तो म्हणाला. "आम्हालापण एकदा शेवट बघू दे."