कारवीचा मध

परवा शाहूपुरीतल्या दुकानात कारवीच्या मधाची बाटली उघडली आणि त्या वासानं मी थेट गावच्या डोंगरावर पोचले. नव्वदच्या दशकात तिथं आईच्या मधपेट्या असायच्या. "डोंगर आमच्याच गावचा," म्हणत पलीकडच्या गावच्या तात्यानं एका उन्हाळ्यात गवत पेटवलं. पेट्या माश्यांसकट जळाल्या.

पुढं त्याच्या पोरीच्या साखरपुड्यात आई जळकी पेटी घेऊन भर मांडवात शिरली. ती मुलाकडच्यांपुढं ठेवून म्हणाली, "पावणं, तुमच्या व्याह्यानं जित्त्या माश्या जाळल्यात. इचारा की त्यास्नी!"

"व्हय का तात्या?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. तात्यानं सगळ्यांदेखत मान खाली घातली.

तेव्हा मी शरमेनं आईचा पदर ओढत होते. आज वाटतं, दुसरी जळकी पेटी मी उचलायला हवी होती.