लांडगा कोळी आणि सासऱ्यांचा पंप

चाळिशीचा चष्मा लागला त्याच वर्षी मला कोळी ओळखायची हौस लागली आणि पहिल्याच दिवशी मी तोंडघशी पडलो. अमरावतीतल्या आमच्या परसबागेत, वांग्यांच्या आळ्यात एक करडा, केसाळ कोळी सुसाट पळताना दिसला. मोबाइलवर दोन फोटो पाहून मी "जहरी आहे" असा निकाल ठोकला. बायकोने लगेच भातकुलीला वडिलांना फोन लावला.

सासऱ्यांनी जन्मभर कपाशी केलेली. त्यांच्या मते पाठीवरच्या फवारणीच्या पंपाने न सुटणारा प्रश्न अजून जन्मला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते पंपासकट हजर.

तोवर मी भिंग घेऊन आळ्यात पालथा पडलो होतो. खाली चार बारीक डोळे, वर दोन टपोरे, त्यामागे आणखी दोन. जाळं कुठेच नाही, पळत जाऊन शिकार. हा तर लांडगा कोळी! माणसाच्या वाटेला न जाणारा, उलट किडे खाणारा. माझ्या शहाणपणापायी तो मरणार म्हणून मला खरंच लाज वाटली.

"मामाजी, राहू द्या. गरीब आहे तो. माझंच चुकलं."

"काल जहरी होता, आज गरीब कसा काय झाला, जवाईबुवा?"

ते वाकले आणि थबकले. "थांबा, याच्या मागं कापूस चिकटला हाये." कपाशीवाल्याला पांढरं, गोल दिसलं की तो कापूसच. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी काडीने तो गोळा अलगद सोडवला.

कोळी पळाला नाही. त्याच जागी गोल गोल फिरत माती चाचपत राहिला.

"काहून जाऊन नाही राहिला हा?"

"मादी आहे, मामाजी. त्या गोळ्यात तिची अंडी आहेत."

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्याच काडीने त्यांनी गोळा तिच्यापुढे सरकवला. तिने तो झडप घालून धरला, मागे चिकटवला आणि वांग्यांत दिसेनाशी झाली.

सासरे तसेच उकिडवे बसून होते. पंप त्यांनी भरलाच नाही.

"चाळीस साल फवारलं," ते मातीकडे पाहत म्हणाले. "पायापाशी कोन हाये, हे कदी पाह्यलंच नाही."