आधीच्या ग्राहकाचं नाव

आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी घेणारी वेबसाइट आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात सरांनी लिहिली होती. प्रत्येक ग्राहकासाठी नवं ऑब्जेक्ट, म्हणजे त्याची माहिती ठेवायचा कोरा कप्पा, बनायला हवं होतं. सरांनी सगळ्यांत मिळून एकच ठेवलं, म्हणून आधीच्या ग्राहकाचं नाव पुढच्याला दिसायचं.

एक दिवस एक भाभी आल्या. दुबईला गेलेल्या त्यांच्या नवऱ्याची वर्षभर काही खबर नव्हती.

"सायबर कॅफेत बसून तुमची वेबसाइट उघडली, तर माझ्या पानावर ह्यांचं पूर्ण नाव आलं!"

"चूक होती, भाभी. आजच काढली," सर हसून म्हणाले.

मला राहवलं नाही. "तुमच्या जरा आधी ते स्वतःच आमच्या वेबसाइटवर आले असतील, कुठूनही," मी हळूच म्हटलं.

भाभींनी माझ्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"मग ती चूक परत घाल गो, बाय."