काळ्या हातांचं व्याख्यान

कष्टाने काळवंडलेल्या हातांपुढे सुसंस्कृत माणसाचं मस्तक आपोआप झुकतं. रत्नागिरीत आमच्या महिला मंडळाच्या हॉलमध्ये मी ते झुकताना पाहिलं आहे. फक्त ते हात पडद्यावर होते आणि जपानमधले होते.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. मंडळाच्या अध्यक्षा निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे बाई म्हणत. त्यांचा भाचा जपानमध्ये नोकरीला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा बाईंनी त्याचं व्याख्यान ठेवलं. विषय, लाकडी वाडग्यांवर झाडाच्या चिकाचे थर चढवणारे जपानी कारागीर. एका वाडग्याला महिनोन्महिने लागतात. चीक अंगाला लागला की फोड येतात, बोटं काळी होतात. अमेरिकेतून, फ्रान्समधून शिकलेसवरलेले लोक पैसे भरून या कारागिरांकडे राहायला जातात आणि पहिला फोड आला की त्याचा फोटो घरी पाठवतात. मग पडद्यावर एका म्हाताऱ्या कारागिराचे हात आले. बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"हात नव्हेत हो, तपश्चर्या आहे ही," त्या म्हणाल्या.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, मी मंडळाची चिटणीस होते.

त्याच आठवड्यात आमच्या बालवाडीसाठी मदतनीस निवडायची होती. माझ्या शेजारणीचा अर्ज होता, मीच लिहून दिलेला. ती काजूच्या कारखान्यात टरफलं फोडायची. टरफलातल्या तेलाने तिची बोटं काळी पडली होती, कातडी सोलवटली होती. भात कालवला की आग व्हायची, म्हणून ती घरात चमच्याने जेवायची आणि त्याची तिला लाज वाटायची. तिला त्या तेलातून सुटायचं होतं.

बाईंनी तिला हात पुढे करायला सांगितलं.

"हे काय?"

"काजूचं त्याल हाय, बाई. मळ न्हाई तो. धुऊन जात न्हाई."

"याच हातांनी पोरांना खाऊ देणार? हात स्वच्छ कर नि मग ये."

ती गेल्यावर मी म्हटलं, "बाई, परवाच्या म्हाताऱ्याचे हात याहून काळे होते."

"अगो, तो कलावंत. ही पोटासाठी करते."

"तोही वाडगे विकतोच ना?"

"तुझं वाचन फार झालंय."

भाच्याने मंडळाला एक वाडगा भेट दिला होता. त्याच्या खोक्यात परदेशी गिऱ्हाइकांसाठी छापलेलं इंग्रजी पत्रक होतं. खऱ्या चिकाचे वाडगे फार महाग, म्हणून या वाडग्याला काजूच्या टरफलांच्या तेलाचं रोगण दिलं आहे, असं त्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मी ते बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"बघ, जपानी माणूस कशाचं सोनं करील सांगता येत नाही," असं म्हणून त्यांनी पत्रक घडी घालून परत खोक्यात ठेवलं.

शेजारणीने मात्र बाईंचा शब्द खरा मानला. काम चालू असेपर्यंत हात उजळत नाहीत, म्हणून तिने कारखाना सोडला. रोज कोकमाचं तेल चोळलं. दीडेक महिन्यात काळी कातडी निघून खालून नवी आली. मग ती बाईंकडे गेली. बाईंनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि छान झाले म्हणाल्या. बालवाडीतली जागा पंधरा दिवसांपूर्वी भरली होती. कारखान्यातली त्याच्याही आधी.