तीन नंबरचे दोन सभासद

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि मी चिखलीत एका कापूस सोसायटीत कारकून होतो. जवळच्या धाड गावची एक सोसायटी आमच्यात विलीन झाली. दोन्हीकडच्या सभासदांच्या पितळी बिल्ल्यांचे नंबर एकपासूनच सुरू. मी म्हटलं, सगळ्यांना नवे नंबर देऊ. आमचे चेअरमन म्हणाले, "माहा तीन नंबर हलनार नाई." मग कोणाचाच हलला नाही.

पहिल्याच हंगामात धाडकडची एक बाई, नवरा तापानं पडला म्हणून, स्वतः गाडी हाकत आली. कापूस जोखला. तिनं बिल्ला दाखवला, तीन नंबर. हेडक्लार्कनी सवयीनं पावती चेअरमनच्या नावे फाडली आणि मोठ्यानं वाचली. बाईनं कासरा आवळला.

"हे आमच्या मालकाचं नाव नाई."

"मग काय आहे?"

बाईनं बिल्लाच पुन्हा पुढं केला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही तेव्हाची रीत. म्हणून तर बायका नंबर सांगत. रांगेतल्या एका गाडीवरून एकजण म्हणाला, "उखाणा घ्या, वैनी."

"तुह्या बायकोले लाव घ्यायले. मले पावती पाह्यजे. तोवर गाडी काट्यापुढंच राहीन."

मी धाडचं रजिस्टर काढून तिच्या नवऱ्याचं नाव वाचलं. तिनं मान हलवली.

"झालं," चेअरमन म्हणाले. "लिहा, अन् हालवा गाडी."

"नंबर तोच ना? मंग पुढच्या खेपेले पुन्हा हेच होईन."

गाडी हलेना. रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती, आणि तिच्या मागची पहिलीच गाडी खुद्द चेअरमनची. असा प्रसंग मी वाया घालवतो होय? खुर्चीवर उभा राहिलो, घसा खाकरला. दोन्हीकडचा सगळ्यांत मोठा नंबर चारशेच्या आतला होता.

"चारशे एकपासून नवे नंबर," मी पुकारलं. "सगळ्यांना, काट्यावर येतील त्या क्रमानं. जुना नंबर आणि गाव शेजारच्या रकान्यात राहील."

"अन् एक नंबर कोनाले?" चेअरमननी विचारलं.

"कोणालाच नाही."

त्यांनी रांगेकडं पाहिलं, आपल्या तापलेल्या बैलांकडं पाहिलं. "लिव्ह बे."

मी तिच्या नवऱ्याच्या नावे चारशे एक नंबरची पावती फाडली. बाई मात्र अजून जागची हलली नव्हती. "हा नंबर आखीन कोनाले द्यान का?"

"नाही."

"मानूस गेल्यावर?"

"तरी नाही."

तिनं पावती कमरेला खोचली आणि बैलांना हाक दिली. मी पुढची पावती चेअरमनच्या हातात ठेवली. चारशे दोन.